हौदातली चांदी

१

सोमवारी सकाळी गुलाबने हौदघराचं कुलूप उघडलं, तर हौदातले चांदीचे दोन्ही पत्रे गायब. कुलूप शाबूत. खिडकी त्या खोलीला नव्हतीच. किल्ली एकच, आणि ती गुलाबच्या करदोड्याला बांधलेली. गावाला आणखी काय हवं होतं? दुपारपर्यंत गुलाब तुमसरला कोठडीत होता.

गुलाब माझा धाकटा भाऊ. मी सत्यभामा, तुमसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि माझ्या रागाची ख्याती शाळेच्या फाटकाबाहेरही पोचलेली आहे. मी गेले तेव्हा गुलाब गजाआड मान खाली घालून बसला होता.

"बाई, मी कबूल करून टाकतो," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात. "परवा भंडाऱ्याले पुन्हा कोर्टात नेतील. तिथंच सांगतो, चांदी मीच नेली."

"नेली का तू?"

"नाई."

"मंग कबूल कायले करून राहिला?"

"मायसाठी. टेकचंद मिस्त्रीच्या घराची भिंत काळी पडली ना, ते मायनं केलं म्हणते लोक. पोराले धरलं म्हणून करणी केली म्हणते. काल आपल्या घरावर गोटे पडले. मी चोर ठरलो का त्यायचा राग थंडा होईल."

मी गज धरून उभी राहिले. छप्पन साली आमच्या बापाने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्या दिवसापासून घरातले अंगारेधुपारे बंद झाले. आणि आता त्याच घरातल्या म्हातारीवर करणीचा आळ! मला न्याय वगैरे काही सुचत नव्हतं, हे स्पष्टच सांगते. ज्याने हे केलं त्याचं तोंड मला भर चौकात काळंठिक्कर पडलेलं पाहायचं होतं.

"परवापर्यंत तोंड उघडशील तर माझ्याशी गाठ आहे," मी गुलाबला म्हटलं आणि नाकाडोंगरीकडे जाणारी एस. टी. पकडली.

२

आमचं गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाला टेकून. दोन वर्षांमागे, सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात, तिथे हगवणीने लेकरं नेली. वरच्या मोहल्ल्यातली नेली, आमच्या वस्तीतलीही नेली. रोगाला जात कळत नाही. मग नागपूरहून एक संशोधक साहेब आले. पाण्याच्या हौदात चांदीचा पत्रा सोडायचा, समोर पोलादाचा पत्रा, आणि दोघांना किंचित करंट द्यायचा. चांदी कणाकणाने पाण्यात उतरते, आणि त्या एवढ्याशा चांदीने रोगाचे जंतू मरतात.

चांदी कुठून आणायची, हा प्रश्न बायकांनी सोडवला. पायातल्या तोरड्या, हातातले गोट, गेलेल्या लेकरांचे वाळे, सगळं तुलाराम सोनाराच्या पुढ्यात येऊन पडलं. एकदा मुशीत वितळल्यावर कोणती तोरडी पाटलाच्या घरची आणि कोणती आमच्या वस्तीतली, हे तुलारामलाही सांगता आलं नसतं. त्या चांदीचे दोन पत्रे झाले, आणि गावात पहिल्यांदा दोन मोहल्ल्यांचा एक नळ झाला. हौद सांभाळायचं काम गुलाबला मिळालं.

आता तो नळ बंद होता. वरच्या मोहल्ल्यातल्या बायका आपल्या जुन्या विहिरीवर गेल्या होत्या. आमच्या वस्तीतल्या बायका तर मायशी बोलतच नव्हत्या. तोरड्या त्यांच्याही गेल्या होत्या.

मायने मला जेवायला वाढलं. तिचं नाव धुरपता. भाजीत मीठ कमी होतं म्हणून मी हात पुढे केला.

"हातावर नाई देत मीठ," तिने चिमूटभर मीठ ताटाच्या कडेला ठेवलं. "हातावर मीठ देल्लं का वैर होते. आधीच का कमी वैरी आहेत का वं?"

घरातले देव गेले तरी मायची ही रीत काही गेली नव्हती. मी मुकाट्याने जेवले आणि पाणी पिऊन हौदघराकडे निघाले.

३

हौदघराच्या दारावर गोमाजी जमादार बसवलेले होते. भला माणूस, पण डोळ्यासमोर कुलूप दिसलं की त्यांचा विचार तिथेच थांबायचा.

"पाहा ना बाई," ते म्हणाले, "कुलूप साबूत, किल्ली एक. आता भूतानं का चांदी नेली?"

मी आत गेले. हौद कोरडा होता. ज्या चिमट्यांना चांदीचे पत्रे टांगलेले असत, ते जागेवर होते, आणि दोन्ही चिमट्यांत चांदीची बोटभर पट्टी अडकून राहिली होती.

"कातरून नेली चोरट्यानं," गोमाजी म्हणाले. "घाईत तेवढी राहून गेली."

मी पट्टीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. कातरीने कापलेली कड जाड असते, धारेला खरखरीत लागते. ही कड जाडीकडून पातळ होत होत संपली होती, चोखून चोखून पातळ झालेल्या गोळीसारखी. आणि दोन्ही पट्ट्या बरोबर तिथेच संपत होत्या जिथे हौदाच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती.

"हौद रिकामा कोनं केला?"

"ठाण्याच्या साहेबानं सांगतलं, तळाशी काही सापडते का पाहा. टेकचंद मिस्त्रीनं केला. माह्यासमोर. पानी सोडलं, अन् तळातला गाळ गमेल्यानं वाहून नेला. पांढरा गाळ होता नुसता. चांदीचा कन नाई भेटला."

टेकचंद म्हणजे आमच्या गावचा मुलामेवाला. भंडाऱ्याला पितळेच्या गुंड्यांवर, तांब्यांवर मुलामा चढवायला शिकलेला. नागपूरच्या साहेबांच्या सांगण्यावरून हौदाच्या तारा त्यानेच जोडल्या होत्या.

बाहेर आले. पाण्याजवळ वीज नको म्हणून साहेबांनी बटण, फ्यूज आणि करंट देणारा लोखंडी डबा बाहेरच्या पडवीत बसवले होते. मोटार बिघडली तर बादलीने पाणी ओतता यावं म्हणून हौदाचं एक रुंद तोंडही भिंतीबाहेर काढलेलं होतं. मी फ्यूज उपसला. आत केसासारखी बारीक तार असायला हवी होती. तिथे जाड पिवळी तार पिळून बसवली होती.

"हे कोनं बसवलं?"

"मले काय ठाऊक? फ्यूजनं का चोरी होते?" गोमाजी हसले.

मी काही बोलणार तेवढ्यात मागच्या बाजूने खरखर ऐकू आली. हौदाचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या नालीच्या दगडांवर दोन गायी जीभ घासत होत्या. एका गुराख्याने हाकललं, तर त्या फिरून परत आल्या.

"तेही करणीनंच," तो गुराखी माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला. "सोमवारपासून गायी गोटे चाटून राहिल्या."

मी खाली वाकले, दगडावर बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. गोमाजींनी तोंड वाकडं केलं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

४

"मीठ कोन चोरते बाई?" कृष्णराव म्हणाले.

कृष्णराव गावचे सरपंच आणि किराणा दुकानदारही. एक नळ झाला तेव्हा कुरकुर करणाऱ्यांत हे पहिले होते, म्हणून मी त्यांच्यापासूनच सुरुवात केली. मिठाची पोती आमच्याकडे दुकानाबाहेरच पडून असतात. साखरेला कुलूप, गुळाला कुलूप, पण मीठ चोरायचं पाप कोणी करत नाही.

"म्हणजे पोतं गेलं ना?" मी विचारलं.

ते चपापले. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "गेलं. शनिवारी सांजच्यानं होतं, रविवारी नव्हतं. पन सांगू कोनाले? लोक हसतील. कृष्णरावचं मीठ चोरीले गेलं म्हणतील. पोत्यावर लाल रंगानं माह्या नावाचा 'कृ' काढला होता. तेवढी खूण आहे."

"तुमी तर नाई ना टाकलं ते हौदात?"

कृष्णराव लाल झाले. "माह्या नातीचे वाळे आहेत त्या चांदीत. ती राहिली नाई, वाळे तरी गावाच्या कामी येतील म्हणून बायकोनं देल्ले. नळाले मी नाई म्हटलं होतं, हे खरं आहे. पन त्या चांदीले हात लावनाऱ्याचे हात झडले पाहिजेत."

मी त्यांना मनातून यादीबाहेर काढलं, जरा नाइलाजानेच.

दुसरा इश्वर. हौदाच्या कमिटीचा हा चिटणीस, पोलिसात तक्रार देणारा हाच. गुलाबचं काम त्याला आपल्या मेहुण्यासाठी हवं होतं, आणि रविवारी हौदघराजवळ त्याला लोकांनी पाहिलं होतं.

"हो, गेलतो," तो गुरकावला. "गुलाब बपेऱ्याले पोरगी पाहाले गेला होता. रविवारी पुरंन एवढं पानी वरच्या टाकीत चढवून, बटण बंद करून जातो म्हणे. मी म्हटलं पाहू तरी, कसं काम करते तं. तं डबा चालूच!"

"कशावरून चालू?"

"घूं घूं करून राहिला होता. हात लावला तं चटका बसला, इतका तापला होता. मी बटण बंद केलं. म्हटलं उद्या कमिटीत सांगतो याचा कारभार. सोमवारी चोरीच निघाली."

"किती वाजता गेलता?"

"दिवस बुडाले होता."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. माझ्या भावाला गोत्यात आणायला निघालेल्या माणसाने त्याला पुरता सोडवलं होतं, आणि त्याचा त्याला पत्ताच नव्हता.

"इश्वरभाऊ, हे कोर्टात सांगशील?"

"हजारदा सांगीन. मले का कोनाच्या बापाचं भेव आहे?"

"मंग आधी उद्या चौकात सांग," मी म्हटलं आणि टेकचंदच्या घराकडे वळले.

५

दिवाळी तोंडावर होती, आणि गावातल्या सगळ्या भिंती पांढऱ्या मातीने ताज्या लिपलेल्या होत्या. टेकचंदची दर्शनी भिंत मात्र जांभळट काळी पडली होती. तिच्यासमोर माणसं गोळा होऊन कुजबुजत होती. मला पाहताच पांगली.

टेकचंदची बायको रुखमा दारात उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"का केलं वं तुझ्या मायनं असं?" ती म्हणाली. "मंगळवारी लिपली तं दुधासारखी पांढरी होती. बुधवारी ऊन चढलं अन् पाहता पाहता अशी झाली."

"आतूनही लिपलं का?"

"हो. मधली खोली लिपली."

"ती काळी पडली?"

तिने मागे वळून पाहिलं, जणू आजच तिच्या ध्यानात आलं. आतली भिंत लख्ख पांढरी होती.

दर्शनी भिंतीवर एक सूप टांगलेलं होतं. मी ते उचललं. सुपामागची भिंत पांढरी होती, अगदी सुपाच्या आकाराची. रुखमाने तोंडावर हात घेतला.

मी शाळेत पोरांना हाच प्रयोग दाखवते. जिथे ऊन, तिथे काळं. जिथे सावली, तिथे पांढरं. माझ्या मायची करणी इतकी आज्ञाधारक असेल असं काही मला वाटत नव्हतं.

"माती कोन्या खदानीतून आणली, रुखमा?"

"यंदा आणाच नाई लागली. घरीच भेटली, गोठ्यात. लोन्यासारखी मऊ होती. हे भंडाऱ्याले गेलते..."

"रुखमा!"

टेकचंद मागच्या दाराने आला होता. हातात खुरपं होतं. मला पाहून त्याने ओठ ताणून हसू आणलं.

"या बाई. भिंत खरवडतो म्हणतो दोन दिवसांपासून, पन ही हात लावू देत नाई. पुजारी आल्याबगर नाई म्हणते. अपशकुन घरावर कायले ठेवाचा?"

"खरवडून काय करशील त्या मातीचं?"

"काय करनार? माती ते माती. पाहीन कुठं तरी."

त्याची नजर भिंतीवरून हलत नव्हती. अपशकुनाकडे माणूस असा पाहत नाही. असं पाहतो ते शेतातल्या पिकल्या धानाकडे.

घरी येऊन मी मायला विचारलं, "टेकचंदचं अन् आपल्या गुलाबचं कधी वाजलं होतं का?"

"वाजलं नाई. पन चांदी आटवली तवा टेकचंद तुलारामचा भाता चालवत होता. गुलाबनं सगळ्या बायकाइसमोर त्याले तंबाखूचा डबा उघडाले लावला. डब्यात लेकराचा वाळा निघाला. टेकचंद म्हणे, मजाक केली. बायका हासल्या, अन् गोष्ट मिटली."

मिटली! हसणाऱ्यांसाठी मिटते. ज्याच्यावर हसले त्याने ती दोन वर्षं जपून ठेवली होती.

"माय," मी म्हटलं, "उद्या सकाळी तुले चौकात याचं आहे. जादूगारीण म्हणूनच याचं."

६

सकाळी टेकचंदच्या दारासमोरच्या चौकात सगळं गाव होतं. गोमाजी जमादार होते, कृष्णराव, इश्वर होते, आणि माझ्या निरोपावरून तुलाराम सोनारही आपली शेगडी, भाता आणि मूस घेऊन आला होता. तो का आला हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी मायला पुढे उभं केलं. "तुमी म्हणता ही करणी माझ्या मायची. बरं, तसं समजा. मग ती उतरवूही आपणच. ही काळी माती खरवडायची आणि बावनथडीत सोडून द्यायची. वाहत्या पाण्यात गेली की पीडा गेली."

बापाच्या आत्म्याला हे ऐकून काय वाटलं असेल कोण जाणे. पण रुखमाच्या चेहऱ्यावर जीव आला. तिने नवऱ्याच्या हातातलं खुरपं घेतलं आणि भिंतीला भिडली. बघता बघता इतर बायकाही लागल्या. काळी माती टोपल्यांत पडत होती, आणि तिच्याखाली पांढरी निघत होती.

"राहू द्या," टेकचंद म्हणाला. "मी करतो. मीच टाकून येतो."

"बायकायचं काम आहे," रुखमा म्हणाली. "तुमी हात नका लावू."

टोपल्या भरल्या. बायकांनी त्या डोक्यावर घेतल्या आणि नदीच्या वाटेला लागल्या. मी टेकचंदकडे पाहत होते. पहिली बाई वळणापाशी पोचली, आणि तो धावला. दोन्ही हात पसरून वाटेत उभा राहिला.

"फेकू नका! माही माती आहे ते! माह्या घरची आहे!"

सगळे थबकले. अपशकुनी मातीसाठी रडकुंडीला आलेला माणूस गावाने कधी पाहिला नव्हता.

"का जी टेकचंद," मी विचारलं, "माती ते माती, असं कालच म्हणत होते ना? मंग नदीत गेली तं काय बिघडते?"

"तुलारामभाऊ," मी म्हटलं, "यातली ओंजळभर माती घ्या. पापडखार टाका, कोळशाची पूड टाका, मुशीत घाला अन् भाता चालवा."

तुलारामने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं, पण भाता चालवला. मूस लाल झाली, मग पांढरीफेक झाली. त्याने ती दगडावर पालथी केली. राखेतून एक गोळी घरंगळली आणि निवता निवता चमकली.

तुलारामने ती उचलली, दाताखाली दाबली. "चांदी!" तो ओरडला. "बापा, ही तं चांदी आहे!"

कृष्णरावांच्या बायकोने डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि तिच्याभोवती दोन्ही हातांचं कडं करून बसली.

७

"मले काही समजलं नाई," गोमाजी म्हणाले. "कुलूप तं साबूत होतं."

"कुलूप उघडलंच नाही कोणी," मी म्हटलं. "नीट ऐका. तारेतून करंट आपल्या पायाने धावतो. पाण्यात त्याला गाडी लागते, आणि ती गाडी म्हणजे पाण्यात विरघळलेलं मीठ. आपल्या विहिरीच्या पाण्यात गाड्या थोड्या, म्हणून करंट मुंगीच्या चालीने जातो आणि चांदी कणभर झिजते. आता हौदात पोतंभर मीठ ओतलं तर? गाड्यांची रांग लागते. करंटाचा लोंढा सुटतो, आणि ज्या पत्र्याला धन तार जोडलेली असते तो पत्रा झरझर खाल्ला जातो. जेवढा पाण्यात बुडाला तेवढाच. पाण्याच्या वर करंट काही करू शकत नाही, म्हणून चिमट्यात बोटभर पट्टी राहिली. ती कातरलेली नाही. खाल्लेली आहे."

"अन् मीठ कसं टाकलं?"

"बाहेरच्या तोंडातून. बटण बाहेर, डबा बाहेर, फ्यूज बाहेर. पण एवढा करंट गेला की बारीक फ्यूज क्षणात जळतो. तो जळू नये म्हणून त्याने जाड पितळी तार बसवली. मुलामा देताना भांडी कशानं टांगता, टेकचंद?"

टेकचंदच्या ऐवजी रुखमाने आपल्या ओसरीकडे पाहिलं. तिथे खुंटीवर तीच पिवळी तार वेटोळं करून टांगलेली होती.

"इश्वरभाऊ, सांगा, रविवारी दिवस बुडताना डबा कसा होता?"

"घूं घूं करून राहिला होता. तापला होता."

"पत्रे जागेवर नसते तर करंटाला रस्ताच तुटला असता, आणि डबा असा तापला नसता. म्हणजे रविवारी संध्याकाळी चांदी हौदातच होती. त्या वेळी गुलाब बपेऱ्याला पोरीच्या घरी, अख्ख्या सोयऱ्यांच्या पंगतीत जेवत होता, आणि परतला तो सोमवारी सकाळी. इश्वरभाऊंनी बंद केलेलं बटण रात्री याने पुन्हा चालू केलं, म्हणून उरलेली चांदी सकाळपर्यंत संपली."

इश्वरचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"खाल्लेली चांदी जाते कुठे? मिठाच्या पाण्यात तिचा पांढरा गाळ होतो, दह्याच्या चोथ्यासारखा. तो तळाशी बसला. सोमवारी पोलिसांनी सांगितलं म्हणून याने हौद रिकामा केला. खारं पाणी नालीत गेलं, म्हणून गायी गोटे चाटतात. आणि गावाची चांदी याने गमेल्यात भरून, जमादार, तुमच्यासमोर घरी नेली."

गोमाजींनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला.

"गोठ्यात दडवली. सावकाश आटवायची होती. पण जबाब द्यायला भंडाऱ्याला गेला, आणि बिचाऱ्या रुखमाला वाटलं नवऱ्याने दिवाळीची पांढरी माती आणून ठेवली. तिने घर लिपलं. असली पांढरी चांदी उन्हात काळी पडते. हा बोलेल काय? बायकोला ओरडता येईना, भिंत खरवडता येईना. मग याने आणि याच्यासारख्यांनी करणीची आवई उठवली, माझ्या मायच्या नावाने."

रुखमा उठली, गोठ्यात गेली आणि एक पोतं घेऊन आली. ते तिने नवऱ्याच्या पायाशी टाकलं.

"गमेल्यावर हे झाकलं होतं," ती म्हणाली. पोत्यावर लाल रंगात 'कृ' काढलेला होता. कृष्णरावांनी ते उलटं केलं, तर शिवणीतले मिठाचे खडे जमिनीवर पडले.

"डबा उघडाले लावला मले," टेकचंद एकदम किंचाळला. "बायकायसमोर! वस्तीतल्या पोट्ट्यानं! दोन वर्षं हासत होत्या माह्यावर. त्याले जेलात सडवतो म्हटलं होतं मी."

त्याच्या तोंडावर काय उमटलं, ते मी पोटभर पाहिलं. मला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं, त्याहून जास्तच वाटलं. दया आली म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल.

गोमाजी बेड्या काढू लागले. तेवढ्यात माय पुढे आली. तिने वाकून जमिनीवरचे मिठाचे खडे मुठीत गोळा केले. सगळ्या बायका एकटक पाहू लागल्या.

"हात कर," ती टेकचंदला म्हणाली.

तो हात जोडू लागला. "धुरपताबाई, मले माफ..."

"हात कर म्हटलं."

त्याने हात पुढे केला. मायने ते मीठ त्याच्या उघड्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एक एक करून मिटवली. वरच्या मोहल्ल्यातल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. मायने आजवर कोणाच्याही हातावर मीठ दिलेलं नव्हतं.

"जल्मभराचं आहे," माय म्हणाली. "नेजो."

गोमाजींनी बेड्या घातल्या. टेकचंदला घेऊन ते रस्त्याला लागले. नाकाडोंगरीच्या वळणापर्यंत आम्हाला तो दिसत होता, आणि तोवर त्याची मूठ मिटलेलीच होती.